शनिवारचा शेवटचा तास

परभणीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
सहीच्या बदल्यात एक फाईल मिळाली, एक पेन.
मॅडम म्हणाल्या, आधी भावनेला नाव द्या.
मी भूमितीचा माणूस,
बिंदूला नाव दिल्याशिवाय रेघ ओढत नाही,
तेव्हा एवढं तरी पटलं.

मानवतला परत आलो. नववी ब.
खिडकीतून जिनिंगचा कापूस उडत येतो,
पोरांच्या केसांत बसतो.
फळ्यावर लिहिलं, आज कसं वाटतंय?
पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत
दोनच उत्तरं फिरली :
बोर आणि टेन्शन.
मुंजाजी म्हणाला, ‘काहीच नाही वाटायलं, सर,’
आणि कर्कटकानं बाक कोरत राहिला.

मग फाईलमध्ये नसलेला गृहपाठ दिला.
घरी विचारा, जिवाला काय काय होतं.
जे शब्द सापडतील ते आणा.

पुढच्या शनिवारी शब्द आले,
बाजारची पिशवी पालथी करावी तसे.
शिवकन्यानं आणलं ‘कसनुसं’.
सांगताना आत्यानं पोटावर हात ठेवला होता,
तोही तिनं ठेवून दाखवला.
नौशीनच्या अम्मीनं दिलं ‘दिल बैठ गया’.
‘मराठीच्या वहीत बसंल का, सर?’
माझ्याआधी वर्गच म्हणाला, बसतंय की.
तिडीक मोठी का चीड, यावर मागं जुंपली.
‘तिडीक कपाळात उठती,’ रंगनाथ म्हणाला, ‘चीड दातात.’
पहिल्यांदाच या वर्गात
भांडण कशावरून आहे
हे भांडणाऱ्या दोघांनाही ठाऊक होतं.

मुंजाजीची वही कोरी.

बुधवारी कंपास हरवला,
फळ्यावर वर्तुळं काढायचा, लाकडी, मोठा.
‘तुझ्याशिवाय कोण?’
सगळ्यांसमोर म्हणालो. दोनदा.
तो उभा राहिला तास संपेपर्यंत.
मी बसही म्हणालो नाही.

संध्याकाळी स्कूटरची डिक्की उघडली.
रुमालाखाली कंपास,
पाय फाकवून निवांत पडलेला.

रात्री फाईल चाळली. मग बायकोला विचारलं,
असं होतं त्याला काय म्हणतात?
ती पोळी उलटत म्हणाली,
‘ओशाळणं. तुमच्याकडं वापरत नाहीत.’

खरंच नाही वापरत.
वडील मारायचे
आणि दिवेलागणीला कागदात भत्ता बांधून आणायचे,
पुडी कोनाड्यात ठेवून बाहेर जाऊन बसायचे.
आम्ही खायचो. चुरमुरे मऊ पडलेले असायचे.
एवढ्यावर मिटायचं,
म्हणजे त्यांचं मिटायचं.

गुरुवारी बोललो नाही. शुक्रवारी
खिशात चॉकलेट घेऊन गेलो, तसंच परत आणलं.

शनिवारी फळ्यावर लिहिलं, ओशाळलो.
खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं
खाली कंपासची हकिगत लिहिली,
डिक्कीसकट.
‘मुंजाजी, चुकलो रे.’
आवाज भूमितीच्या तासाला लागतो तसा लागला नाही.
कुणी हसलं नाही.
कापूस तेवढा आत येत राहिला.
त्यानं मान वर केली नाही, कोरणं थांबवलं.
माफ केलं असं तो म्हणाला नाही
आणि म्हण, असं मीही म्हणालो नाही.

केंद्रप्रमुखांचा फॉर्म आलाय :
किती विद्यार्थ्यांत अपेक्षित बदल दिसला, आकड्यात लिहा.
तो अजून डिक्कीतच आहे.

सोमवारी वह्या तपासल्या.
मुंजाजीच्या पानावर वर तारीख,
शनिवारची नाही, त्या बुधवारची.
खाली दोन शब्द :
‘आतल्या आत’.
पुढं क्रियापद नाही.
एका टोकाला बिंदू आणि दुसरं टोक मोकळं,
भूमितीत ह्याला नाव आहे.
मी दिलं नाही.
लाल पेनाला टोपण लावलं, पानावरचा कापूस फुंकला
आणि वही त्याच्या हातात दिली,
एरवी टेबलावरून फेकतो,
तशी फेकली नाही.